कुत्र्याला माणसांची पेनकिलर का चालत नाही

रात्री साडेदहाला कुत्रा मागचा पाय उचलून लंगडायला लागतो. दवाखाना बंद, डॉक्टरांचा फोन लागत नाही आणि औषधांच्या डब्यात कॉम्बिफ्लॅमची अर्धी स्ट्रिप पडलेली असते. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अर्धी गोळी पोळीत गुंडाळून दे, सकाळी बघू." नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारलं तर त्याचंही उत्तर ठरलेलं: "लहान मुलांचा डोस द्या, काही होत नाही."

हेतू कुणाचाच वाईट नसतो. तरीही कुत्र्यांना होणाऱ्या विषबाधांत घरातल्याच औषधांचा वाटा मोठा आहे. काही वेळा कुत्रा स्ट्रिप स्वतः फोडून खातो, काही वेळा आपणच प्रेमाने भरवतो. या लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलू.

आधी साधा हिशोब करू. एका कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. घरात ३ किलोचं पॉमेरेनियन आहे असं धरा. एक गोळी म्हणजे त्याच्या किलोमागे १३३ मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन झालं आणि १०८ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. साठ किलोच्या माणसाने एका दमात २० कॉम्बिफ्लॅम गिळल्या तर किलोमागे हेच प्रमाण येईल. त्या माणसाला आपण घरी झोपवून "सकाळी बघू" म्हणणार नाही.

आता हे आकडे कुत्र्याच्या मापाने तपासा. आयब्युप्रोफेन एका वेळी किलोमागे साधारण २५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होण्याची शक्यता धरली जाते. १७५ च्या पुढे मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका, ४०० च्या पुढे झटके आणि बेशुद्धी. पॅरासिटामॉलचं यकृताला घातक ठरणारं प्रमाण किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅमपासून सुरू होतं. म्हणजे आपल्या पॉमला एकाच गोळीत पोटाचं दुखणं आणि यकृताचं संकट दोन्ही मिळालं. दुखणं थांबलं नाही म्हणून तासाभराने दुसरी गोळी दिली, तर आयब्युप्रोफेन २६७ वर जातं आणि मूत्रपिंडंही यादीत येतात. तीच गोळी ३० किलोच्या लॅब्रेडॉरला दिली तर आकडा १३ वर येतो. म्हणूनच "आमच्या लॅबला दिली होती, काही झालं नाही" हा शेजाऱ्यांचा अनुभव खरा असू शकतो आणि तुमच्या कुत्र्यासाठी तरीही निरुपयोगी असतो.

हे आकडे धडधाकट कुत्र्याचे आहेत. म्हातारा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असलेला, किंवा उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेला कुत्रा यापेक्षा कितीतरी आधी आजारी पडतो.

आता त्या लहान मुलांच्या डोसाबद्दल. बाळाला तापात आयब्युप्रोफेन देतात तेव्हा एका वेळी किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा वगैरे देतात. म्हणजे दिवसाला किलोमागे २०-३० मिलिग्रॅम सहज होतं आणि दोन-तीन दिवस मूल ते पचवतं. कुत्र्यांना किलोमागे रोज फक्त ८ मिलिग्रॅम महिनाभर दिल्यावर पोटात अल्सर झाल्याची नोंद आहे. वजनाने भागलं म्हणून कुत्र्याचं मूल होत नाही. त्याचं शरीर हे औषध वेगळ्या तऱ्हेने हाताळतं. सगळी गोम इथे आहे.

आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. मार लागला की तीच सूज आणतात, तीच ठणका वाढवतात, तापही तीच चढवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, नॅप्रोक्सेन ही सगळी औषधं ही रसायनं बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. ॲस्पिरिन नेमकं हेच करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ साली त्यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. डॉक्टर या सगळ्या औषधांना मिळून एनसेड म्हणतात.

पण प्रोस्टाग्लँडिनांचं काम फक्त दुखवण्याचं नाही. पोटातल्या आम्लापासून जठराच्या आतल्या त्वचेला वाचवणारा चिकट थर, तिथला रक्तपुरवठा, तिथली दुरुस्ती हे सगळं त्यांच्याच भरवशावर चालतं. मूत्रपिंडांतही तेच. कुत्रा उलट्यांनी किंवा उन्हाने कोरडा पडला की मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनं करतात. गोळीने ठणका बंद होतो तेव्हा हा पहाराही उठतो. सोसायटीतला गोंगाट थांबावा म्हणून मेन स्विच पाडला, त्यात पाण्याचा पंप आणि लिफ्टही बंद पडली, असा हा प्रकार आहे.

माणसातही हेच घडतं. रिकाम्या पोटी पेनकिलर घेऊ नका असं आपल्याला सांगतात ते याचसाठी. कुत्र्यात फरक असा की यातली बरीच औषधं त्याच्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. यकृत औषध पित्तात टाकतं, पित्त आतड्यात उतरतं, आतडं ते पुन्हा शोषून रक्तात पाठवतं आणि ही फेरी चालूच राहते. नॅप्रोक्सेन हे याचं टोकाचं उदाहरण. माणसात त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १२ ते १७ तास लागतात, कुत्र्यात ७० तासांच्या वर. सकाळ-संध्याकाळ एक या आपल्या सवयीने नॅप्रोक्सेन दिलं, तर पहिली गोळी संपायच्या आधीच पाचवी-सहावी पोटात गेलेली असते. नॅप्रोसिनची गोळी घरात असेल तर ती कुत्र्याच्या वाटेलाही ठेवू नये, इतकं हे औषध त्याच्यासाठी वाईट आहे.

फसगत होते ती सुरुवातीला. गोळी दिल्यावर कुत्रा खरंच बरा दिसतो. पाय टेकतो, शेपूट हलवतो, शांत झोपतो. घरातले म्हणतात, बघ, उतार पडला. उलटी काही तासांत होऊ शकते, पण अल्सरमधून रक्त जायला अर्ध्या दिवसापासून तीन-चार दिवसांपर्यंत वेळ लागतो. ते रक्त लाल दिसेलच असं नाही. पोटात पचलेलं रक्त शीतून काळंकुट्ट, डांबरासारखं चिकट आणि भयंकर वास मारत येतं. उलटीत ते कॉफीच्या चोथ्यासारखं दिसतं. अल्सर जठराच्या आरपार गेला तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो आणि मग शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर उरत नाही. मूत्रपिंडांचं दुखणं याहून मुकं. कुत्रा पाणी जास्त पितो, लघवी जास्त करतो किंवा अचानक करेनासा होतो, खायला नको म्हणतो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. मधल्या काळात गोळीचा आणि या आजाराचा संबंध घरच्यांच्या डोक्यातून निघूनही गेलेला असतो.

मग पॅरासिटामॉल तरी? क्रोसिन, डोलो तर आपण चहाबरोबर घेतो. इथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. पॅरासिटामॉल कुत्र्यांत वापरतात. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल आणि कोडीन यांची कुत्र्यांसाठीची नोंदणीकृत गोळी आहे आणि आपल्याकडेही काही डॉक्टर वजन मोजून, रक्त तपासून, ठरावीक दिवसांपुरतं ते देतात. पण उपयोगी प्रमाण आणि घातक प्रमाण यांच्यातलं अंतर छोट्या कुत्र्यात एका गोळीपेक्षाही कमी असतं. ६५० ची एक डोलो ५ किलोच्या कुत्र्याला म्हणजे किलोमागे १३० मिलिग्रॅम. यकृत पॅरासिटामॉल फोडतं तेव्हा थोडं विषारी द्रव्यही तयार होतं. एरवी ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते निकामी करतो. त्याचा साठा संपला की विष थेट यकृताच्या पेशींवर चालून जातं. शिवाय कुत्र्यांत औषधं फोडायचा एक रासायनिक मार्गच नसतो, त्यामुळे उरलेलं रसायन लाल पेशींना त्रास देतं. रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं आणि हिरड्या गुलाबीच्या तपकिरी-निळसर दिसू लागतात. चेहरा आणि पंजे सुजतात. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगाचा.

घरात मांजर असेल तर एवढंच लक्षात ठेवा: मांजराला पॅरासिटामॉलचा कोणताही डोस सुरक्षित नाही. एका गोळीचा तुकडासुद्धा जीव घेतो.

आता ज्या 'तापा'साठी आपण क्रोसिन देतो त्याकडे वळू, कारण माझ्या मते निम्म्या गोळ्या इथेच वाया जातात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपलं ९८.६. म्हणजे ठणठणीत कुत्र्याच्या पोटाला किंवा कानाला हात लावला तरी तो आपल्याला गरमच लागणार. "अंग तापलंय" हे हाताने ठरवता येत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर व्हॅसलिन लावून गुदद्वारात धरायचा आणि आकडा वाचायचा, एवढंच. तो थर्मामीटर पुन्हा घरातल्या माणसांसाठी वापरायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

खरंच ताप असेल तर तो बऱ्याचदा गोचीडतापाचा असतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि नंतरही गोचिडांचा सुळसुळाट असतो. यातल्या एर्लिचिया नावाच्या जिवाणूमुळे रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, सांधे दुखतात, कुत्रा लंगडतो, खाणं सोडतो, कधी नाकातून रक्त येतं. आता बघा: प्लेटलेट आधीच कमी, त्यात आपण दिलं डिस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, जे उरलेल्या प्लेटलेटनाही कामातून घालवतं. लंगडणं आणि ताप ही दोन्ही लक्षणं दबली, आजार मात्र पसरत राहिला आणि रक्तस्रावाचा धोका वाढला. गोचीडतापाला पेनकिलर हा इलाज नाहीच. रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक, हाच रस्ता.

दुसरा गोंधळ उन्हाळ्यातला. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या एप्रिल-मेमध्ये गाडीत किंवा गच्चीवर राहिलेला कुत्रा धापा टाकतो, लाळ गाळतो, अंग भट्टीसारखं असतं. हा ताप नाही, उष्माघात आहे. मेंदूने तापमान वाढवलेलं नसतं, त्यामुळे क्रोसिनने ते उतरत नाही. उलट आतडी, यकृत आणि मूत्रपिंडं आधीच होरपळलेली असतात, त्यात गोळीची भर. अशा वेळी सावली, अंगावर साधं पाणी, पंखा आणि सुटायचं दवाखान्याकडे.

गोळ्यांखेरीज काही छुपे मार्गही आहेत. आपण गुडघ्याला व्हॉलिनी चोळतो आणि कुत्रा तो गुडघा चाटतो. त्यात डायक्लोफिनॅक असतं, बऱ्याच मलमांत सॅलिसिलेटही. कुत्र्याच्या पायाला चोळलं तर तो पाय चाटून साफ करणारच. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉलबरोबर कॅफीन असतं आणि कॅफीनही कुत्र्याच्या हृदयाला जड जातं. काही साखरविरहित पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा घालतात. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली येते. पाळीच्या दिवसांतली मेफ्टाल-स्पास उशाशी ठेवायची सवय असेल तर ती ड्रॉवरमध्ये जाऊ द्या. आणि खाज किंवा ॲलर्जीसाठी कुत्र्याला प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल, तर त्यावर कुठलीही पेनकिलर म्हणजे पोटाला भोक पाडायला दिलेलं आमंत्रण. ही जोडगोळी माणसांचे डॉक्टरही टाळतात.

एका जनावराला चालणारं औषध दुसऱ्याला किती महागात पडतं, याचा धडा भारताने गिधाडांकडून घेतला आहे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे. अशी गुरं मेली की गिधाडं ती खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. गाईला झेपणाऱ्या औषधाने गिधाडांच्या तीन जातींची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. २००४ मध्ये कारण सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातात हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये त्या कुपीचा आकारही ३ मिलिलिटरपुरता मर्यादित केला. तरीही कुणी भटक्या कुत्र्याला "एक व्होवेरान (म्हणजे डायक्लोफिनॅकच) टोचून टाका" म्हणालं की मला तरी हे सगळं आठवतं.

भटक्यांचं निघालंच आहे तर एक गोष्ट. रोज खाऊ घालणारे अनेक जण बिस्किटात गोळी दाबून देतात, कारण दवाखान्यात न्यायचं तर रिक्षावाला तयार होत नाही आणि कुत्रा हातात येत नाही. अडचण खरी आहे. पण १५ किलोच्या गावठी कुत्र्याला ४०० ची गोळीसुद्धा किलोमागे जवळपास २७ मिलिग्रॅम होते, आणि त्याने दुपारी दुसऱ्या कुणाच्या हातून तीच गोळी खाल्ली नसेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. गल्लीतल्या खाऊ घालणाऱ्यांनी एकमेकांत बोलून एकाच डॉक्टरांकडून औषध ठरवावं. मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला आणि शिरवळलाही महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो.

घरी दिलेल्या गोळीचा आणखी एक तोटा आहे, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कुत्र्यांसाठी चांगली वेदनाशामक औषधं आहेत: मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब, रोबेनाकॉक्सिब. पण दोन एनसेड एकमेकांवर देता येत नाहीत. तुम्ही रात्री कॉम्बिफ्लॅम दिली असेल, तर सकाळी डॉक्टरांना योग्य औषध सुरू करण्याआधी साधारण ५ ते ७ दिवस थांबावं लागतं आणि तोवर गाबापेन्टिनसारख्या दुसऱ्या औषधांवर भागवावं लागतं. अर्ध्या गोळीने एका रात्रीचा आराम मिळतो आणि आठवड्याचा उपचार अडतो. त्यातून घरच्यांनी ओरडा बसेल म्हणून गोळीची गोष्ट लपवली, तर डॉक्टर बिचारे मेलोक्सिकॅमचं इंजेक्शन देऊन मोकळे होतात आणि दोन्ही औषधं एकाच पोटात भेटतात. तेव्हा काय दिलं, कधी दिलं, किती दिलं हे न विचारता सांगा. ओरडा बसला तर बसला.

गोळी आधीच पोटात गेली असेल तर स्ट्रिप हातात घ्या, उरलेल्या गोळ्या मोजा, वेळ लिहा आणि कुत्र्याचं वजन करा. वजनकाट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभं राहायचं, मग एकट्याने. फरक म्हणजे त्याचं वजन. लगेच फोन करा, लक्षणांची वाट बघू नका. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवू शकतात, नंतर कोळशाची पूड, सलाइन, पोटाला जपणारी औषधं असा मार्ग असतो आणि मूत्रपिंडांसाठी दोन-तीन दिवस सलाइन लावून ठेवावं लागू शकतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. त्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रे दगावतात. दूध, तूप, कच्चं अंडं यांनी औषध 'मरत' नाही. कुत्रा गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर तोंडातून काहीच देऊ नका, उलटी फुप्फुसात जाते.

आणि गोळी दिलेलीच नाही, फक्त तो लंगडतोय आणि रात्र काढायची आहे? आधी पंजा बघा. बोटांच्या बेचक्यात काटा, काच, उपटलेलं नख, डांबराचा गोळा असलं काहीतरी बऱ्याचदा सापडतं. बघताना तोंडाला सुती पट्टी सैलसर बांधा. दुखऱ्या कुत्र्याने मालकाला चावणं हे नेहमीचं आहे. छोट्या खोलीत ठेवा, जिना बंद, सोफ्यावर उडी बंद, शी-शूला पट्ट्यानेच. मोठा कुत्रा उठत नसेल तर पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या. मुरगळल्यासारखं वाटलं तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं. हाड वाकडं दिसत असेल, गाडीची धडक बसली असेल, मागचे दोन्ही पाय ओढत असेल किंवा पोट फुगलं असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

डॉक्टरांनी मेलोक्सिकॅम लिहून दिलं की बऱ्याच जणांना वाटतं, अरे, हे तर आजीच्या गुडघ्याचं औषध. रेणू तोच आहे. पण कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि नंतर रोज ०.१ मिलिग्रॅम देतात. आजीची १५ मिलिग्रॅमची गोळी १० किलोच्या कुत्र्याला म्हणजे रोजच्या डोसाच्या पंधरापट. म्हणून त्याचं पातळ औषध वेगळं मिळतं, सोबत मोजायची सिरिंज असते. ते खाण्याबरोबर द्यायचं. कुत्र्याने त्या दिवशी खाल्लं नाही किंवा उलटी केली तर डोस चुकवायचा आणि दवाखान्यात कळवायचं. म्हाताऱ्या कुत्र्याला संधिवातासाठी महिनोन् महिने ते चालू राहणार असेल तर अधूनमधून क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात. बाटली उरली तर शेजारच्या कुत्र्याला देऊ नका, त्याचं वजन आणि त्याची मूत्रपिंडं तुम्हाला माहीत नाहीत.